गयाबाईची रिकामी सरी

माझ्या नोकरीचं नाव मला कधी एका दमात सांगता आलं नाही. संस्थेच्या कागदावर ते 'हवामान बदल अनुकूलन प्रकल्प, क्षेत्र समन्वयक' असं होतं. गावांनी त्याचं 'हवामानवाल्या बाई' करून टाकलं आणि पुढची सगळी वर्षं मी त्याच नावानं धाराशिव जिल्ह्यात स्कूटीवर हिंडले. नाव पडलं की त्याबरोबरची कामंही अंगावर पडतात. लेकीच्या साखरपुड्याला मांडव कापडाचा घालू की पत्र्याचा, असं विचारणारे फोन यायचे. तेरखेड्याचे एक फटाके बनवणारे काका तर रोज सकाळी माझ्या चहाच्या आधी फोन करायचे, "म्याडम, आज ऊन कसं हाय?" त्यांचा माल उन्हात वाळायचा, त्यामुळे ढग दिसला की सगळा आत ओढायचा. मी हवामान खात्याची नाही हे त्यांना शंभरदा सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. शेवटी मीच उठल्याबरोबर आधी त्यांच्यासाठी आभाळ बघायला लागले. दर दिवाळीला त्यांच्याकडून भुईनळ्यांचा खोका येतो, मी निवृत्त झाले तरी येतो. पुरस्कारबिरस्कार मला कधी मिळाला नाही, भुईनळे मात्र मिळाले.

आमचं काम म्हणजे नेमकं काय, हे शहरातल्या माझ्या नातेवाइकांना आजही कळलेलं नाही. त्यांना वाटतं, आम्ही शेतकऱ्यांना हवामान बदलल्याचं सांगत फिरायचो. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला जाऊन ओल दाखवायची, असलाच तो प्रकार झाला असता. हवामान बदललंय हे शेतकऱ्याला आमच्या कितीतरी आधी कळलं होतं. पूर्वी पाऊस उशिरा यायचा, कमी यायचा, पण त्याला काही रीत होती. आता तो ऐन वाढीच्या वेळी गायब होतो आणि काढणीच्या तोंडावर महिन्याचा पाऊस दोन दुपारींत ओतून जातो. तेच रान, तेच पीक, एकाच हंगामात आधी करपतं आणि मग कुजतं. या दोन्हीत टिकेल अशी शेती कशी करायची, एवढाच आमचा विषय. त्याचे शोध विद्यापीठांनी लावून ठेवलेलेच होते. ते बांधावर न्यायचे आणि घरातल्या माणसांच्या गळी उतरवायचे, हे आमच्याकडे. माझा अनुभव असा की माती लवकर ऐकते, घराला वेळ लागतो.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पेरणीची घाई. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रानात दिसला की आपल्या माणसाला घरात बसवत नाही. एक बरी सर आली की पेरून मोकळा होतो, मग पाऊस दडी मारतो आणि बी मातीत मरतं. आम्ही सांगायचो, वीतभर उकरा, खालची माती मुठीत दाबा, तिचा लाडू झाला तरच पेरा. मान सगळे डोलवायचे. सोनारीच्या बाजूला एक आजोबा होते, ते मानही डोलवायचे नाहीत. काळभैरवाला रविवारी नारळ फोडल्याशिवाय मी तिफणीला हात लावत नाही, म्हणायचे. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. त्या वर्षी गावानं मधल्याच वारी पेरलं आणि पाऊस गेला. आजोबा रविवारी नारळ फोडून रानात गेले, माती कोरडी दिसली, तर देवाचा हुकूम नाही म्हणून परत आले. पुढच्या रविवारपर्यंत चांगली ओल झाली होती. गावात पहिल्या फेरीत उगवलं ते फक्त त्यांचं. भैरवनाथानं राखलं, असं ते सांगत सुटले, आणि त्याच विषयावर तक्ते लावून सभा घेतलेली मी ते ऐकत राहिले. पुढच्या वर्षी मी ती सभा सरळ देवळापुढच्या पारावर घेतली. काम झाल्याशी मतलब.

पण मला सांगायचं आहे ते एका एकराबद्दल. माझ्या सगळ्या नोकरीत मी ज्या दिवशी खऱ्या अर्थानं जिंकले, तो दिवस त्या एकरात उगवला.

तामलवाडीच्या आतल्या अंगाला एक लहान गाव आहे. तिथं आमच्या बचत गटात संगीता नावाची सून होती. सासरे अण्णा गुडघ्यांनी थकलेले, नवरा सुनील पुण्याकडे चाकणला कंपनीची बस चालवायचा, आणि सासू गयाबाई. गयाबाईच्या मुठीला त्या पंचक्रोशीत मान होता. आमच्याकडे तिफणीमागून चाड्यात, म्हणजे नळ्यांवरच्या लाकडी वाडग्यात, बी सोडायचं काम बायकांचं. मूठ सैल पडली तर दाट पडतं, आवळली तर विरळ. गयाबाईची मूठ अशी की लोक पेरणीला तिला वाट वाकडी करून बोलवायला यायचे.

एका येळवशीला मी त्यांच्या रानात जेवायला गेले होते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात घरांना कुलपं असतात आणि गाव रानात असतं. कडब्याचं खोपटं, म्हणजे कोपी, करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांची पूजा होते, आणि मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात. त्या कोपीत जेवता जेवता अण्णांनी जाहीर केलं की आता आपल्यानं शेती होत नाही. पुतण्या बबन रान बटईनं, निम्म्या वाट्यावर, करायला तयार आहे. संगीतानं पोरं घेऊन चाकणला जावं, सुनीलच्या खोलीवर. बबन शेजारीच बसला होता, त्यानं नम्रपणे खाली बघितलं. सगळं आधीच ठरलेलं होतं.

संगीता आंबील वाढत होती. ती थांबली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामा, एक साल रान माझ्याकडं द्या."

 अण्णांनी भाकरी चुरली. मग म्हणाले, "समदं न्हाय. वड्याकडचं एकर घे. म्होरल्या येळवशीला ह्याच कोपीत बसून ठरवू."

ओढ्याकडचं एकर म्हणजे सगळ्यांत वाईट तुकडा. उन्हात भेगाळणारा आणि पावसात तुंबणारा. बबनला हसू आवरेना, त्यानं ते पाणी पिऊन गिळलं. जाताना बांधावर संगीता मला म्हणाली, "तिकडं खोलीत बसून म्या काय करू, म्याडम? मला रान कळतं. दुसरं काय कळत न्हाय." तेव्हापासून ते एकर माझंही झालं. तसा मला राग लवकर येतो, आणि बबनचं ते गिळलेलं हसू माझ्या डोक्यातून जाईना.

आम्ही ठरवलं की तिथं सोयाबीन बीबीएफवर पेरायचं. ट्रॅक्टरमागे लावायचं हे पेरणी यंत्र रुंद, उंच वरंबा करतं, त्यावर पिकाच्या ओळी टाकतं आणि दोन वरंब्यांमध्ये एक सरी मोकळी सोडतं. पाऊस कमी झाला तर सरीतलं पाणी वरंब्यात मुरतं, जास्त झाला तर सरीतून वाहून जातं. सगळी करामत त्या मोकळ्या सरीची. आणि लोकांचा सगळा विरोधही तिलाच. पेरणीच्या दिवशी बांधावर जत्रा जमली. रस्त्याला जागा सोडली का, म्हणून कुणी विचारलं. बबन म्हणाला की एवढ्या सऱ्या सोडायच्या तर सोयाबीन कशाला, मासे पाळा. गयाबाई धुतलेलं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून आली होती. पेरणीला ती तशीच यायची. यंत्रानं भराभर पेरलं. तिला कुणी बोलावलं नाही, बोलवायचं कारणच नव्हतं. ट्रॅक्टरच्या आवाजात ती कधी उठून गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या खेपेला गेले तर सोयाबीन झकास उगवलेलं, आणि त्याच्याइतकंच झकास दुसरंही काहीतरी. प्रत्येक सरीत हिरवी ओळ होती. सरळ, सारख्या अंतरावर, सुतात धरल्यासारखी. अंबाडी. मी संगीताकडे बघितलं. तिचा चेहरा पडलेला होता. ती एवढंच म्हणाली, "आत्या." सासूला ती आत्या म्हणायची.

गयाबाई कडुनिंबाखाली बसली होती. मी काही विचारायच्या आतच तिनं ऐकवलं. "रिकामं रान मला बघवत न्हाय, म्याडम. आन् माझी मूठ आता काय चुलीत घालू?"

 पेच साधा नव्हता. सऱ्या बुजल्या तर मोठ्या पावसात एकर तुंबणार, आणि एकर गेलं की संगीता चाकणच्या खोलीत. पण सासूनं पेरलेलं, उगवून आलेलं सुनेनं उपटायचं, तर त्या गावात घराचे दोन तुकडे झाले असते, मग रान राहो की जावो. मी सरीत उतरले, एक पान खुडून चावलं आणि म्हटलं, "गयाबाई, अंबाडी फार कोवळी आलीय. भाजी कधी खायला घालताय?"

ती सावध झाली. पण भाजीच्या निमंत्रणाला नाही म्हणेल ती गयाबाई कसली. मी गटातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं. गयाबाईच्या हातची अंबाडीची भाजी, रविवारी, सगळ्यांनी खुडायला यायचं. आणि मुळासकट काढली की निवडायला सोपी जाते, असं मी इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की आमच्या गटाच्या अध्यक्षीणबाईंनी ते पुढे दोन गावांत पसरवलं. सकाळभर बायका सऱ्यांमधून ओळीनं वाकून होत्या. गयाबाई मध्ये उभी राहून कोण कशी काढतंय ते बघत होती. मग ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची खमंग फोडणी देऊन तिनं भाजी केली. अख्खी गल्ली जेवली. बबननं दोनदा मागून घेतली. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं की तो स्वतःची बटई खातोय.

शेवटच्या दोन सऱ्यांपाशी मात्र गयाबाई आडवी आली. हे बियाला राहू द्या, म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं, त्यामुळे मी जास्त ताणलं नाही. नव्वद टक्के जिंकलं की उरलेलं सोडून द्यावं, हे या धंद्यात शिकावं लागतं.

श्रावणात पाऊस गेला तो गेलाच. आजूबाजूची रानं दुपारी माना टाकायची. संगीताच्या वरंब्यावरचं सोयाबीन उन्हात जरा कोमेजायचं आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं. येणारे जाणारे बांधावर थबकायला लागले. मासे पाळायचा सल्ला आता कुणी देत नव्हतं.

मग भाद्रपदात आभाळ फाटलं. सुरू झाला तो थांबेचना. ओढे पुलांवरून गेले, रस्ते बंद, फोन लागेना. मी धाराशिवात घरात बसून खिडकी ते दार आणि दार ते खिडकी करत होते. मला काळजी साऱ्या गावांची होती हे खरं, पण डोळ्यांपुढं तेच एक एकर यायचं. ओढ्याकडचं, तुंबणारं. माझ्या शब्दावर तिनं तिथं सऱ्या मोकळ्या सोडल्या होत्या.

रस्ता सुटल्याबरोबर निघाले. ते दृश्य मी विसरू शकत नाही. दोन्ही बाजूंना रानं नव्हतीच, तळी होती. पाण्यात काळं पडलेलं सोयाबीन, आणि त्याच्याकडे बघत बांधावर उभी असलेली माणसं. ज्यांनी आयुष्यात माझी टर उडवायची संधी सोडली नाही, ते हात जोडून नमस्कार करत होते. त्यानं मला जास्त भीती वाटली. शेवटचा तुकडा गाडी चालेना म्हणून चिखलातून चालत गेले.

एकर उभं होतं. पानं पिवळट, बुडाच्या शेंगा खराब, पण उभं होतं. सरीसरीतून गढूळ पाणी खळाळत खालच्या कोपऱ्याकडं चाललं होतं आणि तिथून ओढ्यात पडत होतं. त्या कोपऱ्यात पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेलं कुणीतरी खोऱ्यानं सरीचं तोंड मोकळं करत होतं. मला वाटलं संगीता. मी उत्साहानं वरंब्यावर पाय टाकला, तेवढ्यात आवाज आला, "वर पाय देऊ नका, म्याडम. सरीतनं या."

ती गयाबाई होती.

झालं होतं असं. पावसाच्या पहिल्याच दिवशी सगळ्या सऱ्या वाहायला लागल्या, त्या दोन सोडून. बियाला ठेवलेल्या अंबाडीत गाळ अडकला, पाणी मागे फुगलं आणि तिथलं सोयाबीन गुडघाभर पाण्यात गेलं. गयाबाई बांधावर उभी राहून ते बघत होती. संगीतानं मला नंतर सांगितलं की तिनं सासूला काहीच सुचवलं नव्हतं, आत्या आपणहून पाण्यात उतरल्या. 

"म्या माझ्या हातानं उपटली," गयाबाई म्हणाली. "पेरल्यालं कदी उपटलं नव्हतं जलमात." मग खोऱ्याला लागलेला चिखल बोटानं काढत म्हणाली, "पर वाट लागतीच की पाण्याला."

मी तिथंच चिखलात तिला मिठी मारली. असलं काही करायची मला सवय नाही, आणि तिलाही नव्हती. आम्ही दोघी पडता पडता वाचलो.

एवढं सांगून थांबले तर गोष्ट खोटी होईल. त्या वर्षी माझ्या आनंदाला लाज वाटत होती. शेजारची रानं गेली होती. परंड्याच्या बाजूला नदीकाठच्या गावांत तर पीकच काय, मातीच वाहून गेली, खाली नुसते दगड उरले. तिथं माझी कुठलीच सरी उपयोगाची नव्हती. त्या माणसांपुढं उभं राहून काय बोलावं हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं, आणि आजही ते मला येत नाही. ज्या गावांत मी आणखी चार सभा घ्यायला हव्या होत्या असं वाटतं, त्यांची नावं मला अजून झोपेतही आठवतात.

पण आनंद खोटा नव्हता. संगीताच्या एकरात सोयाबीन झालं. भरघोस नव्हे, पण निरोगी, कोरड्या उन्हात काढलेलं, टपोऱ्या दाण्याचं. आणि मग लोकांना एक गोष्ट सुचली, जी मला आधी सुचायला हवी होती. भिजलेलं सोयाबीन बियाणं म्हणून चालत नाही, ते उगवतच नाही. म्हणजे पुढच्या पेरणीला गावात घरचं भरवशाचं बी होतं ते फक्त या एका घरात. पहिला कोण आला असेल? बबन. ओसरीवर टेकला, चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या, मग हळूच बियाचं काढलं. संगीता काही बोलणार, तोच आतून गयाबाई आली. बी देऊ म्हणाली, पण सरी मोकळी सोडणार असशील तर. एक जरी अंबाडीचं रोप दिसलं तरी रानात येऊन उपटीन. बबननं मान डोलवली. या वेळी ती खरी डोलली होती.

हरभऱ्याची पेरणी त्याच यंत्रानं झाली. संगीतानं ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं आणि बियाची पेटी आधी गयाबाईपुढं धरली. पहिली मूठ तुमची, आत्या, म्हणाली. धुतलेलं लुगडं, कपाळभर कुंकू. गयाबाईनं मूठ भरली, डोळे मिटले, आणि पेटीत सोडली. यंत्रानं पुढं पेरलं ते तिच्याच मुठीचं बी, अशी तिची समजूत आहे, आणि माझीही.

मध्यंतरी संस्थेचे परदेशी पाहुणे येऊन गेले. हवामान बदलाला तुम्ही कसं तोंड देता, असं त्यांनी गयाबाईला विचारलं. मी भाषांतराला होते. ती म्हणाली, "पाऊस येडा झालाय. येड्याला आडवं जायचं न्हाय, वाट द्यायची." मी जमेल तसं सांगितलं. अहवालात त्याचं 'पाण्याच्या निचऱ्याची सोय' एवढंच झालं. असो.

येळवस आली. कोपी तीच, पांडव तेच. चाकणहून सुनील आला होता, कारण निकाल ऐकायचा होता. बबनही होता. कोपीच्या चारी बाजूंनी वरंब्यावरचा हरभरा घाट्यांनी लगडलेला, आणि मधल्या सऱ्या स्वच्छ.  पेपरचा निकाल लागायचा असावा तशी मी बसले होते, आणि संगीता मात्र शांतपणे आंबील वाढत होती.

अण्णांनी जेवण संपवलं. हात धुतला. मग कोपीतून बाहेर, ओढ्यापासून पार वरच्या बांधापर्यंत सगळ्या रानावरून नजर फिरवली. बबनकडं बघितलं नाही, सुनीलकडं बघितलं नाही.

"संगीता," ते म्हणाले, "म्होरल्या साली समद्या रानात काय पेरायचं, त्ये सांग."

संगीताच्या हातातला आंबिलीचा तांब्या तसाच राहिला. ती बोलायच्या आत, आमच्या पाठीमागं भाकरीची दुरडी घेऊन उभ्या असलेल्या गयाबाईनं उत्तर देऊन टाकलं.

"तिला पायजेल त्ये पेरंल. सरी तेवढी रिकामी ठेवायची."